पनवेल तालुका : जुनी गावे आणि नव्या वसाहती

(मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेले व्याख्यान)



गेले सात दिवस या मंडपात अखंड हरिनाम सप्ताह चालू आहे. उद्या काल्याचे कीर्तन होईल आणि नव्या शिखरावर कळस चढेल. अशा मंगल प्रसंगी तालुक्याच्या इतिहासाचा विषय कशासाठी, असे कोणाच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु गवंडीसुद्धा जुन्या पायाची खोली मोजल्याशिवाय नव्या भिंतीची दोरी धरत नाही. या देवळाभोवतीचा मुलूख गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत ओळखू येणार नाही इतका पालटला आहे. शेते गेली, टोलेजंग इमारती आल्या, शेजार नवा आला. हा पालट कसा घडला आणि त्यापूर्वी येथे काय होते, हे देवळाच्या ओट्यावर बसून एकदा नीट पाहून घेणे अप्रस्तुत ठरणार नाही.

बंदर आणि घाट

पनवेल हे मुळात बंदर. माथेरानच्या डोंगराकडून येणारी गाढी नदी जेथे खाडीला मिळते, तेथे ही पेठ वसली. पूर्वेस प्रबळगड आणि कलावंतीण दुर्ग, दक्षिणेस कर्नाळा आणि माणिकगड, पश्चिमेस खाडी, अशी तालुक्याची ठेवण आहे. अंगठ्यासारखा उभा असलेला कर्नाळ्याचा सुळका लांबून दिसतो, तो उगाच नव्हे. घाटावरून बंदराकडे येणाऱ्या वाटेवर नजर ठेवणे, हे या गडाचे काम होते. निजामशाही, पोर्तुगीज, मोगल अशा अनेक सत्तांनी त्यावर ताबा सांगितला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये महाराजांनी तो परत घेतला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांकडे गेला. ज्या जंगलात गडाच्या वाटा होत्या ते १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे.

त्या काळी देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरे. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलचे भाग्य उजळले. कापसाच्या आणि धान्याच्या गाड्या घाट उतरून पनवेलच्या बंदरावर येत, तेथून गलबतांतून माल मुंबईस जाई. गाड्यांची चाके बनविण्याचा धंदाही येथे भरभराटीस आला. २५ ऑगस्ट १८५२ रोजी पनवेलला नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. १८७२ मध्ये याच गावात श्रीधूतपापेश्वर या आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्याची सुरुवात झाली. पेठेत हिंदू व्यापारी होते, मुसलमान होते, बेने इस्रायल लोक होते आणि त्यांचे सिनेगॉगही होते. सांगण्याचा हेतू असा की, बाहेरून माणूस येणे आणि येथे वस्ती करणे ही गोष्ट पनवेलला नवीन नाही. बंदर म्हटले की परगावचा माणूस आलाच.

१८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली. ही लोहवाट कल्याण-कर्जतवरून गेली, पनवेल बाजूला राहिले. घाटावरचा माल गाडीत भरला की थेट मुंबईस जाऊ लागला. खाडीही गाळाने उथळ होत गेली. एका रस्त्याने पनवेल मोठे केले होते, दुसऱ्या रस्त्याने त्याला मागे टाकले. पुढे १९६४ मध्ये दिवा-पनवेल रेल्वे आली तेव्हा मधे शंभर वर्षे गेली होती.

जिल्ह्याचीही एक गंमत आहे. पनवेल तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १८८३ मध्ये तो कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले. त्यामुळे पणजोबांच्या वेळचा एखादा कागद ठाणे जिल्ह्याच्या नावाने, आजोबांचा कुलाब्याच्या नावाने आणि नातवाचा रायगडच्या नावाने निघतो. जमीन तीच, शिरोभाग मात्र तीन.

याच तालुक्यातील शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुण्यास लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करणाऱ्या या पुरुषाने दुष्काळात होरपळलेल्या रयतेचे हाल पाहिले आणि १८७९ मध्ये रामोशी, कोळी अशा माणसांना हाताशी धरून इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

खाडीकडून मिळविलेली जमीन

बंदराची आणि गडांची हकिकत पुस्तकांत सापडते. गावांची हकिकत मात्र बांधांवर लिहिलेली होती. खाडीकाठची पुष्कळशी शेती निसर्गाने दिलेली नव्हे. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी हे नाव आले असे मानतात. आगरी, कराडी, कोळी अशा कष्टकरी समाजांनी पिढ्यान् पिढ्या भरतीच्या पाण्याशी झुंज देऊन ही जमीन मिळविली. चिखलाची ढेकळे हाताने रचून बांध घालायचा, त्याला दगडाची बाजू द्यायची, पाणी सोडण्यासाठी उघाडी ठेवायची. ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीला झाप बंद होऊन समुद्राचे पाणी अडते. अशी काही वर्षे पावसाने मीठ धुऊन काढल्यावर मग त्या खारात भात उभे राहते. खाऱ्या पाण्याला दाद न देणारे लाल दाण्याचे राता भात या भागातील शेतकऱ्यांनी शतकानुशतके जपले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ अशा सुधारित जाती तयार केल्या.

बांधाला खांड पडली की एकट्याचे शेत बुडत नसे, साऱ्या गावाचे बुडे, आणि एकदा खारे पाणी शिरले की पुढची दोन-तीन वर्षे पीक हाती येत नसे. म्हणून रात्री-अपरात्री हाक आली तरी प्रत्येक घरातून माणूस फावडे घेऊन बांधावर धावे. गावकीचा कायदा कोठे लिहिलेला नव्हता, तो या बांधावर तयार झाला. देवळाची घरटी वर्गणी, लग्नाच्या कामाची वाटणी, सप्ताहातील पहाऱ्याची पाळी, या सर्वांचे मूळ त्या सामाईक बांधात आहे.

मात्र बांध ज्याने घातला, जमीन त्याच्या नावावर नसे. खोत आणि सावकार मालक, कसणारा कूळ. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे शेतकऱ्यांनी संप चालविला, तो याच अन्यायाविरुद्ध. १९४८ मध्ये कूळ कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारा कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. कलम ३२-ग प्रमाणे किंमत ठरली, शेतकऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले आणि ३२-म चे प्रमाणपत्र घेतले. कित्येक घरांत ते प्रमाणपत्र देव्हाऱ्यामागे जपून ठेवलेले असे. एवढ्या पिढ्यांनंतर सातबाऱ्यावर स्वतःचे नाव आले होते.

ते नाव तेथे किती वर्षे राहिले, हे पुढे पाहू.

जुळे शहर

मुंबई हे चिंचोळे बेट. गिरण्या, कचेऱ्या, गोद्या सर्व दक्षिण टोकाला आणि माणसे राहावयाची उत्तरेकडे. गर्दी वाढत गेली. तेव्हा १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून असे सुचविले की, मुंबईला उत्तरेकडे ओढत नेण्यापेक्षा खाडीच्या पलीकडे पूर्वेस एक नवे शहर वसवावे. राज्य शासनाने ही कल्पना उचलली. १७ मार्च १९७० रोजी सिडको महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवी मुंबई वसवावयाचे ठरले. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पूल वाहतुकीस खुला झाला आणि १९७९ मध्ये विकास आराखडा मंजूर झाला.

शहरे कागदावर आधी उभी राहतात. नकाशात जेथे रस्ता आणि सेक्टर दाखविले, तेथे त्या वेळी भाताची खाचरे, मिठागरे आणि आंब्याची झाडे होती. १९७० मध्येच भूसंपादनाच्या अधिसूचना निघाल्या. १ एप्रिल १९५७ पासून मोजले तर कुळाला मालक होऊन तेव्हा अवघी तेरा वर्षे होत होती. काहींचे हप्तेसुद्धा नुकतेच फिटले होते. बापाने ज्या सातबाऱ्यावर नाव लावून घेतले, मुलाच्या हयातीत त्याच सातबाऱ्यावर दुसरे नाव चढले. कागदावर त्याला ‘फेरफार’ म्हणतात. शब्द लहान आहे.

गावठाणे मात्र संपादनातून वगळण्यात आली. म्हणजे घर राहिले, देऊळ राहिले, विहीर राहिली आणि शेत गेले. हे दिसते तितके सोपे नव्हते. शेती गेल्यावर गावाने करावयाचे काय, आणि कुटुंबे वाढल्यावर घरे बांधावयाची कोठे, या दोन प्रश्नांची उत्तरे आराखड्यात सापडत नव्हती.

साडेबारा टक्के

या प्रश्नांना आवाज दिला तो दिनकर बाळू पाटील, म्हणजे सर्वांचे दि. बा. पाटील यांनी. १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई येथे शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शेतकरी कामगार पक्षाचे ते पुढारी, पनवेलचे आमदार आणि कुलाब्याचे खासदार. जमिनीला योग्य भाव मिळावा आणि विकसित जमिनीत शेतकऱ्याला वाटा मिळावा, ही त्यांची मागणी होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी जानेवारीत त्यांना आदरांजली वाहिली जाते. २४ जून २०१३ रोजी दि. बा. पाटील कालवश झाले. नवी मुंबईच्या विमानतळास त्यांचे नाव द्यावे म्हणून २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मोठी मानवी साखळी केली आणि २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठराव केला.

या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी ती लागू झाली. नव्या पिढीला योजनेचे नाव ठाऊक असते, हिशेब ठाऊक नसतो. म्हणून तो सांगणे आवश्यक आहे. समजा एका शेतकऱ्याची एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन संपादित झाली. तिचे साडेबारा टक्के म्हणजे १,२५० चौरस मीटर. त्यांतून रस्ते, शाळा, उद्याने अशा सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के वजा होतात. राहिले ८७५ चौरस मीटर. म्हणजे मूळ जमिनीचे पावणेनऊ टक्के. तेवढा विकसित भूखंड शेतकऱ्याच्या पदरात पडावयाचा. एवढ्याचेही वारसांमध्ये हिस्से पडतात. पाच भाऊ आणि तीन बहिणी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ११० मीटरदेखील येत नाहीत. पुष्कळांनी भूखंड हाती येण्यापूर्वीच कागदावरचा हक्क विकून टाकला. ज्यांनी तो राखला आणि शहाणपणाने वापरला, त्यांची घरे सावरली. सल्ला देणारा भला भेटला की बुरा, यावर एकेका घराचे नशीब ठरले.

गावठाणाबाहेर संपादित जमिनीवर भूमिपुत्रांनी जी घरे बांधली, त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे नाव पडले. पोराचे लग्न झाले, खोली वाढविली. नातू झाला, मजला चढविला. वेळेवर गावठाण विस्तार झाला असता तर या शब्दाची गरज पडली नसती.

नव्या वसाहती

मे १९९२ मध्ये लोकल गाडी खाडी ओलांडून वाशीला आली आणि जून १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली. त्याच वर्षी कोकण रेल्वेही पूर्णपणे सुरू झाली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तो सुरू होतो कळंबोलीपासून. ज्या पनवेलला १८६३ मध्ये रेल्वेने बाजूला टाकले, तेथेच आता सर्व वाटा येऊन मिळू लागल्या. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजे, करंजाडे, उलवे अशा वसाहती उभ्या राहिल्या. कळंबोलीत लोखंडाचा बाजार भरला, तळोज्यात औद्योगिक वसाहत वाढली. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या घरात गेली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली. १८५२ च्या नगरपालिकेचा तो नवा अवतार. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला.

या वसाहतींच्या नावांकडे लक्ष द्यावे. कामोठे, कळंबोली, खारघर, करंजाडे, उलवे ही सर्व गावांची नावे आहेत. सेक्टरला नुसता आकडा मिळाला, पण वसाहतीला गावाचेच नाव घ्यावे लागले. खांदेश्वर स्टेशनाचे नाव तर खांदा गावच्या शंकराचे आहे. रोज हजारो माणसे ‘खांदेश्वर’ म्हणून तिकीट काढतात आणि गाडीतून उतरतात. त्यांतील कितीजणांना तळ्याकाठचे देऊळ ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा.

या इमारतींत राहावयास आलेली माणसे कोण आहेत? बहुतेक आपल्यासारखीच संसारी माणसे. कोणी परळ-लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीतून आले, कोणी सातारा-सांगलीचे, कोणी खानदेश-मराठवाड्याचे, कोणी उत्तर प्रदेश, केरळ, पंजाबमधून आलेले. वीस-वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन त्यांनी घर घेतले आहे. त्यांनी कोणाचे शेत हिसकावले नाही. गावची हकिकत त्यांना कोणी सांगितली नाही, हे खरे. पण ती सांगण्याची पाळी गावावरच येते.

दहा गावांचे स्थलांतर

पूर्वीच्या संपादनात शेते गेली तरी गावठाण राहिले होते. विमानतळाच्या वेळी ते बंधनही उरले नाही. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, तरघर, कोंबडभुजे, उलवे आणि गणेशपुरी या दहा वस्त्या आपल्या मूळ जागेवरून उठल्या. सुमारे ११६० हेक्टरच्या या प्रकल्पासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि नदीचे पात्र वळविले गेले. प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा मोबदला ठरला. वडघर, वहाळ परिसरात आणि पुष्पकनगरात नव्या वसाहती झाल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले.

घराचे मोल काढता येते, झाडाचेही काढता येते. परंतु वेशीवरच्या देवाचे, पाणवठ्याच्या आसरांचे, पूर्वजांच्या स्मशानाचे मोल कोणत्या तक्त्यात बसवावयाचे? देव हलवावयाचा तर विधिपूर्वक उठवून नव्या जागी पुन्हा प्रतिष्ठापना करावी लागते. या दहा वस्त्यांतील माणसे आज नव्या, रुंद रस्त्यांवर पक्क्या घरांत राहतात. पण गावकीची बैठक जेथे बसे तो पार नव्याने वाढवावा लागतो, आणि पार वाढावयास एक पिढी जाते.

हे सर्व पाहिले म्हणजे या गावाचे भाग्य ध्यानात येते. येथील शेत गेले, पण देऊळ आपल्या मूळ जागी आहे. जुन्या जोत्यावरच नवे शिखर उभे राहिले आहे. आजूबाजूला इतके काही हलले असताना ही एक वास्तू न हलता राहिली, हे लहान नव्हे.

आता करावयाचे काय?

दगडी काम उत्तम झाले आहे. परंतु चार गोष्टी अशा आहेत की त्या गवंड्याच्या हातच्या नाहीत. त्या गावाने करावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट कागदाची. देवस्थानाची विश्वस्त संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी, तिच्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यात देवळाची सर्व मिळकत दाखविलेली असावी आणि मयत विश्वस्तांच्या जागी नव्यांची नावे बदल अर्जाने लागलेली असावीत. ज्या देवस्थानाला इनाम वर्ग तीनची जमीन आहे त्याने तिचा सातबारा दरवर्षी काढून पाहावा. गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर देवळासमोरचे पटांगण, तळे आणि दीपमाळेची जागा कोणाच्या नावे आहे, हे पाहून घ्यावे. तोंडी वहिवाट गावात चालते, मोजणीच्या नकाशावर चालत नाही. नवा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. पालखीची वाट एखाद्या भूखंडात गडप होत असेल तर त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. मुदतीनंतर केलेली ओरड आवाजाने मोठी असली तरी उपयोगाची नसते.

दुसरी गोष्ट नावांची. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. कोणी त्याकडे पाहत नाही. पण जुन्या उताऱ्यांत त्या रकान्यात शेता-खाचरांची, खारांची आणि टेपांची नावे आहेत. कोणते आंब्यावरून, कोणते ओहोळावरून, कोणते बांध घालणाऱ्या पूर्वजावरून पडलेले. आज त्या जागी सेक्टर आणि भूखंड क्रमांक आहेत. जुने उतारे मिळवून, म्हाताऱ्या माणसांना विचारून, ही सर्व नावे एका वहीत उतरवावीत आणि गावाचा जुना नकाशा काढून तो सभामंडपाच्या भिंतीवर लावावा. ऐंशीच्या पुढची माणसे आहेत तोवरच हे काम होईल.

तिसरी गोष्ट नव्या शेजाऱ्यांची. या सोहळ्याच्या वर्गणीत शेजारच्या इमारतींतील रहिवाशांनीही हात दिला आहे, ही आनंदाची गोष्ट. पण वर्गणी घेणे आणि माणूस घेणे यांत अंतर आहे. गावकीचे मानपान पिढीजात आहेत, ते तसेच राहोत. पालखीला खांदा देणे, सप्ताहात वीणा धरणे, भंडाऱ्यात पंगत वाढणे यांत मात्र नव्या वसाहतीतील माणसांची पाळी लावण्यास हरकत नसावी. तसे झाले म्हणजे कर्ण्याच्या आवाजावरून होणारे तंटेही निम्मे मिटतील. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद ठेवावा, असा नियम २००० सालापासून आहे. तो पाळला तर काही बिघडत नाही. कर्णा नव्हता तेव्हाही काकड आरती होतच होती. आणि वसाहतीतील मंडळींनीही हे समजून घ्यावे की, आपल्या खिडकीखालून जाणारी पालखी रस्ता अडवीत नसून आपल्या जुन्या वाटेने जात आहे. ती वाट आधीची, इमारत नंतरची.

चौथी गोष्ट मुलांची. तालुक्याच्या राहिलेल्या भागातही आता नगररचना योजना येत आहेत. त्यांत मालकाकडे सुमारे ४० टक्के जमीन अंतिम भूखंड म्हणून राहते. म्हणजे हा पालट अजून संपलेला नाही. ज्यांच्या वडिलांनी एका पिढीत जमीन मिळविली आणि गमावली, त्यांच्या मुलांना सातबारा, आठ-अ आणि फेरफार वाचता आलाच पाहिजे. सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचावा, न समजल्यास जाणत्याकडून वाचून घ्यावा आणि बहिणींचा हिस्सा लपवू नये. या सभामंडपात महिन्यातून एक संध्याकाळ त्यासाठी ठेवली, तर देव रागावणार नाही.

सज्जनहो, बांधाला खांड पडे तेव्हा कोणाचे शेत पुढे आणि कोणाचे मागे, हे विचारण्यास सवड नसे. ज्याच्या हाती फावडे, तो धावे. आता बांध नाही, खार नाही, उघाडीही नाही. पण घरातून माणूस बाहेर काढून एका कामावर उभे करणारे ठिकाण गावात अजून एक आहे, आणि त्याचा कळस उद्या चढावयाचा आहे. त्या कामाला जुन्या घरांतून आणि नव्या इमारतींतूनही माणूस यावा, अशी ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना करून हे विवेचन येथे पुरे करणे उचित होईल.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!